धवल्यात शिरलेलं गाणं

भाकरीला पाणी लावायला ठमाबाईनं हात परातीशेजारच्या पाण्यात बुडवला आणि त्याच क्षणी तिच्या तोंडून ते गाणं बाहेर पडलं. शब्द नव्हते, नुसती चाल होती. पण चाल पुरी होती, मधल्या बाजाच्या धक्क्यासकट आणि त्यानंतर रेडिओवरची ती बाई जशी खिदळते त्या खिदळण्यासकट. आपण गातोय हे तिला कळलं तोवर अर्धं कडवं होऊन गेलं होतं. तिनं ओला हात तोंडावर दाबला. ओठांना पीठ लागलं. तव्यावरची भाकर करपत आली तरी तिला उलथायचं सुचेना. ओटीवर तिचा नवरा बाबाजी फावड्याला दांडा बसवत होता, त्यानं हात थांबवून आत पाहिलं. "काय गो," तो हसत म्हणाला, "धवलारनीचा पन रेडिओ झायला का?" त्याला गंमत वाटली होती, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. ठमाबाईनं मात्र करपलेली भाकर तशीच खाली ओढली. गावातल्या मैनाची हळद चार दिवसांवर होती.

हसण्यावारी नेण्यासारखीच गोष्ट होती, नाही कोण म्हणतं? गावातली शेंबडी पोरं ते गाणं म्हणत होती, मिठागरावर जाणाऱ्या बाया म्हणत होत्या, तळ्यावर धुणं त्याच्या तालावर आपटलं जात होतं. पण ठमाबाई धवलारीण होती, लग्नात धवले गाणारी. उरणच्या खाडीकाठच्या त्या आगऱ्यांच्या गावात भटजी उशिरा आला तरी चालायचं, आलाच नाही तरी लग्न अडायचं नाही. धवलारीण मात्र हवीच. मांडवाच्या मेढीशी तिनं बसायचं, धवला धरायचा, बायांनी तीच ओळ मागून ओढायची, तेव्हा कुठे लग्न लागल्यासारखं होणार. आणि धवले म्हणजे मनाला येईल ते गाणं नव्हे. ती बोलावणी होती. लग्नाला एकेकाला मूळ धाडायचं, म्हणजे घरचं माणूस पाठवून मानानं बोलावून आणायचं: आधी गणपतीला, मग गावदेवीला, विहिरीला, उंबराला, मेलेल्या वाडवडिलांना, मग मिठागराच्या बांधाला, आणि बांधामागून दर्याला. कुणाला वगळायचं नाही, कुणाला पुढंमागं करायचं नाही. वगळलेला रुसतो. माणसाचा रुसवा एका जेवणावर निघतो, पण ज्याला तोंडच नाही त्याचा रुसवा कशावर निघेल ते कोणी सांगावं? हे सगळं तिला शिकवलं सासूनं, सखुबाईनं, मिठागरात मीठ ओढता ओढता. सखुबाई मोठी कजाग बाई. एक ओळ चुकली की मिठाचा खडा पाठीत बसायचा. "कागुद न्हाय, पुस्तक न्हाय," ती म्हणायची, "तुजा डोका हाच पेटारा. त्यान दुसरा काय ठेवू नको." ठमाबाईनं तीस वर्षं दुसरं काही ठेवलं नव्हतं. पोरांचे जन्मदिवस विसरली, माहेरची वाट विसरली असती तर नवल नव्हतं, पण धवले जागच्या जागी होते.

आणि मग गेल्या दिवाळीत ग्रामपंचायतीनं रेडिओ आणला. चावडीत पेटी आणि बाहेर खांबावर भोंगा. भोंग्याचं तोंड नेमकं ठमाबाईच्या ओटीकडं. पंचायतीचा शिपाई शिवदास रोज सांजेला तो लावायचा. पहिले काही दिवस ती स्वतःच जाऊन खांबाखाली बसली होती, खोटं कशाला बोला. भाताच्या रोपांबद्दल कोणी शहरी माणूस अगदी नम्रपणे काहीबाही सांगायचा, बाजारभाव यायचे, कधी भजन लागायचं. पण शेतकऱ्यांचं झालं की शिवदास खुंटी पिरगाळून सिलोन लावायचा, आणि तिथं ते गाणं होतं. एका सांजेला दोनदा लागायचं. आधी कसलंतरी पितळी वाद्य बोंबलायचं, मग कोणीतरी डब्यावर काठी मारल्यासारखं काहीतरी, मग ती बाई यायची. ती गात होती असं ठमाबाईला कधी वाटलंच नाही. ती कुणाच्यातरी कानात काहीतरी चावट बोलत होती आणि ते सगळ्या गावाला ऐकू जात होतं. मध्येच अर्थ नसलेली अक्षरं, पुन्हा पुन्हा तीच, लहान पोरानं पातेलं बडवावं तशी. ती अक्षरं ठमाबाई मनातसुद्धा उच्चारायची नाही. तिला गाण्याचं वावडं नव्हतं. तिचं तर पोटच गाण्यावर होतं. पण गाणं कुणासाठी तरी असतं. कोंबडा आरवतो तो सुद्धा कुणाला तरी उठवायला. हे गाणं कुणालाच बोलवत नव्हतं, कुणाचंच काही मागत नव्हतं, आणि तरी दारं लावून घेतली तरी घरात येत होतं. तिला ते आवडत नव्हतं असं म्हणणं फार कमी होईल. तिला त्याची भीती वाटत होती. आणि भीतीचं कारण तिनं सोळा वर्षांत नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

स्वराज्य आलं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. काशीचं लग्न होतं. काशी म्हणजे शेजारची पोर, ठमाबाईला मावशी म्हणणारी, तिच्या पदराला धरून मोठी झालेली. आज जिची मैना नवरी झाली होती ती. काशीच्या मामानं हौसेनं मुंबईहून भाड्याचा फोनो, तबकड्या वाजवणारी पेटी, आणला होता. तोपर्यंत गावानं तसलं यंत्र पाहिलं नव्हतं. ठमाबाई हळदीला धवले म्हणत होती, उंबर झाला, वाडवडील झाले, आणि मामानं चावी भरून सुई ठेवली. मांडवातली निम्मी माणसं उठून पेटीभोवती गोळा झाली. ठमाबाईनं आवाज चढवला. पेटीतल्या बाईला दम लागत नव्हता, तिला लागत होता. आपण इथं देवांना बोलावतोय आणि पाठीमागं माणसं एका डब्याला माना डोलावतायत, याचा तिला इतका संताप आला की पुढची ओळ तोंडात आली ती दर्याची. मधला बांधाचा धवला गळला. दर्याचा निम्मा झाल्यावर तिच्या ध्यानात आलं. थांबून मागं जाता आलं असतं. सखुबाई असती तर तिनं जायला लावलं असतं. पण सखुबाई मेली होती आणि कुणाचं लक्षही नव्हतं. कुणाला कळणार आहे, असं ठमाबाईच्या मनात आलं. हे तीन शब्द तिच्या मनात आले होते हे ती कधी विसरली नाही. काशीचा नवरा नामा, हसरा, धट्टाकट्टा, नव्या नवरीला कोळंबी आवडते म्हणून गुडघाभर चिखलात उतरणारा. त्याच आषाढात पुनवेच्या उधाणाला बांध फुटून खांड पडली. गावातले बाप्ये माती-दगड घेऊन धावले, त्यात नामाही होता. खांड बुजवता बुजवता बांधाचा तेवढाच तुकडा खचला, जेवढ्यावर तो उभा होता. बाकी सगळे परत आले. दुसऱ्या दिवशी ओहोटीला तो सापडला तेव्हा काशीच्या हातावरची हळद उतरून महिनाच झाला असेल. लोक म्हणाले, उधाणच तसं होतं. ठमाबाईला माहीत होतं की बांधाला कुणी लग्नाला बोलावलं नव्हतं.

तेव्हापासून प्रत्येक लग्नात बांधाचा धवला येऊ लागला की तिचा आवाज कापायचा. ती तो सावकाश म्हणायची, एकेक शब्द ठेवून, पावसात निसरड्या बांधावरून डोक्यावर भारा घेऊन जावं तसा. चुकला नव्हता. सोळा वर्षांत एकदाही नाही. आणि आता मैनाच्या हळदीला चार दिवस उरले असताना भाकरी थापता थापता तोंडातून ते बाहेर पडलं होतं. म्हणजे ते आत होतं. तिला न विचारता पेटाऱ्यात शिरून बसलं होतं. ज्या जागी ते बसलं त्या जागी आधी काय होतं? त्या दुपारी तिनं कोंबड्यांना दाणे टाकताना सगळे धवले मनात म्हणून पाहिले. गणपती, गावदेवी, विहीर, उंबर, वाडवडील. मग बांधाला मूळ धाडायची ओळ, "मूल धारा गो, मूल धारा," एवढं आलं आणि पुढं ती खिदळ. ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथंच ती खिदळ, वळणावर दबा धरून बसल्यासारखी. तिसऱ्यांदा धवला नीट आला, पण चाल बदलली होती. बांधाला मूळ त्या डब्याच्या तालावर चाललं होतं, कंबर हलवत. दाणे संपले होते आणि कोंबड्या तिच्या पायाशी माना वर करून उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ती चावडीत गेली. शिवदास खुर्चीत बसून पायाची बोटं मोडत होता. "बाबा," ती म्हणाली, "मैनाचे हलदीला तो भोंगा बंद ठेवशील?" शिवदासला वाटलं म्हातारीला मान हवाय. "म्हातारे, तू गाताना मी कशाला लावीन?" तो म्हणाला. "तुजे गान्याला काय तोड हाय? पन येक बोलू? पोरा बोलतान, आजीचा आवाज चांगला, चाल जरा नवी घेतली तर मजा येल." तो चांगल्या मनानं बोलला होता. ठमाबाई पदर सावरून निघाली. चावडीबाहेर पडताना तिला पायरी दिसली नाही आणि ती पडता पडता वाचली. भोंगा बंद राहणार होता; पण जे आत बसलं होतं त्याची खुंटी कोणी पिरगाळायची? तिनं कानात तेल घातलं. गावदेवीला नारळ फोडला. पाणी भरताना, गवऱ्या थापताना धवल्यावर धवला म्हणत राहिली, आणि जितकी जास्त म्हणे तितका तो बांधाचा एकच जास्त विस्कटे. हळदीच्या आदल्या दिवशी तर तो शब्दांसकट गेला. दुसरी ओळ काय होती तेच येईना. कोण बोलतं दुसऱ्या ओळीत? दर्या? बांध? तिच्यामागून धवला ओढणारी सोनाबाई, जाऊन तिला विचारावं असं वाटलं. पण सोनाबाईला पुढची ओळ कधी आधी आठवायची नाही, ती ऐकूनच ओढायची. गावात दुसरं कोणी नव्हतं. हे ठमाबाईला नेहमी अभिमानानं माहीत होतं, त्या दिवशी ते भीतीनं कळलं.

मग ती काशीकडं गेली. सांगायचंच ठरवून गेली होती, की थळची नाहीतर अलिबागकडची कोणी धवलारीण आणा, माझ्यानं होत नाही. काशी पडवीत तांदूळ पाखडत होती. सोळा वर्षं मिठागरात राबून तिचे पाय खाऱ्यानं चिरले होते, केस अर्धे पांढरे. मावशी-भाची म्हटलं तर कोणी विश्वास ठेवला नसता, बहिणी वाटल्या असत्या. "ये मावशे," ती सूप खाली न ठेवता म्हणाली. ठमाबाईनं तोंड उघडलं. "काशे, माजा आवाज बसलाय. मी बोलते, दुसरी..." काशीचं सूप थांबलं. तिनं ठमाबाईकडं रोखून पाहिलं. "दुसरी नाय," काशी म्हणाली. "माजे पोरीचे हलदीला तूच बोलवाचा सगल्यांना. येकूनयेक." आणि सूप पुन्हा हलू लागलं. एकूण एक. का म्हणाली असेल ती असं? ठमाबाई घरी आली ती हाच शब्द घोळवत, आणि थोड्या वेळानं तोही त्या गाण्याच्या चालीवर घोळू लागला.

हळदीच्या दिवशी दुपारी मांडव गच्च भरला. शिवदासनं शब्द पाळला होता. भोंगा गप्प होता. इतकी शांतता गेल्या दिवाळीपासून गावात झाली नव्हती. मैना पाटावर बसली होती, सोळा सरलेली, खाली मान घालून हसू दाबणारी, कधी न पाहिलेल्या बापासारखं तोंड असलेली. नवरा मुलगा शेजारच्या गावचा, अनंता नावाचा, त्यांचंही मिठागर, त्यांचाही बांध. काशी मांडवात नव्हती. विधवेनं हळदीत यायचं नाही, मग ती नवरीची आई का असेना. ती चुलीजवळ भाताच्या टोपापाशी होती आणि मधलं दार अर्धं लोटलेलं होतं. ठमाबाई मेढीशी बसली. सोनाबाई मागं बसली. पहिला धवला आला, दुसरा आला. आवाज लागला होता. विहिरीला बोलावताना तिला क्षणभर वाटलंसुद्धा, उगीच घाबरले. उंबर झाला. वाडवडील झाले, त्यात नामाचं नाव घेताना मैनानं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. मग ठमाबाईनं श्वास घेतला.

"मूल धारा गो, मूल धारा, खाऱ्या बांधाला मूल धारा." बायांनी ओढलं. आता दुसरी ओळ. तिथं काहीच नव्हतं. तिनं डोळे मिटले आणि तिथं ती खिदळ होती, पितळी वाद्य होतं, तो डबा होता, स्वच्छ, एकेक अक्षर ठळक, सोळा वर्षांत तिनं बांधाला जितकं जपलं नव्हतं तितकं तिच्या डोक्यानं ते जपून ठेवलं होतं. ते तिच्या जिभेच्या टोकावर आलं. तोंड उघडलं तर तेच बाहेर पडणार, हे तिला कळलं. तिनं दात आवळले. बायांनी पहिली ओळ पुन्हा ओढली, मग तिसऱ्यांदा ओढली, मग त्या थांबल्या. कोणीतरी बांगड्या मागं सारल्या. दर्याला घेऊन पुढं जावं का? दर्याचा येत होता, सगळा येत होता. कुणाला कळणार आहे? तेच तीन शब्द. मैनानं हळदीनं माखलेलं तोंड वर करून तिच्याकडं पाहिलं, आणि ठमाबाईला नामा दिसला, ओहोटीला सापडला तसा. तिच्या घशातून नुसता वारा आला.

तेव्हा अर्ध्या लोटलेल्या दाराआडून आवाज आला. बारीक, फाटका, गाण्याची सवय नसलेला. "बांध बोलतं, मी यव कसा? माजे पाठीव दर्या बसला." मांडवातल्या बायांनी एकमेकींकडं पाहिलं. हळदीत विधवेचा आवाज! नवरीची आत्या उठायला लागली. ठमाबाईच्या मनात एका क्षणात दोन्ही भीती उभ्या राहिल्या: न बोलावलेला बांध आणि विधवेच्या तोंडचं बोलावणं, यांतलं कोणतं जास्त वाईट? सखुबाईनं हे शिकवलं नव्हतं. हे कुणीच कधी शिकवलं नव्हतं. पण ओळ तीच होती, शब्द न शब्द, आणि चाल जुनी होती. ठमाबाईनं ती उचलली. मोठ्यानं उचलली, आत्याकडं बघत, अशा आवाजात की आत्या पुन्हा खाली बसली. सोनाबाईनं मागून ओढली. दाराआडून पुढची ओळ आली. "दर्याला सांगा गो, हलद लागतं, घटकाभर तू निवांत बस." ती ठमाबाईनं घेतली. मग तिसरी, मग शेवटची, "बांधा रं बांधा, पाठ फिरवू नको, लेकीचा कुंकू सांभाल रं." ही ओळ आतून येताना मध्येच तुटली, आणि ठमाबाईनं ती स्वतः पुरी केली. बांध आला. त्यामागून दर्या आला.

हळद झाली, बाया जेवायला बसल्या, पोरी मैनाला घेऊन गेल्या. ठमाबाई चुलीच्या खोलीत आली. काशी भिंतीला टेकून बसली होती, गुडघ्यांवर हात टाकून, दमलेली. ठमाबाई तिच्यासमोर बसली. "तुना हा धवला कसा येतो?" ठमाबाईनं विचारलं. "सोला वरसां," काशी म्हणाली, "गावान लगीन झायला का मी लोकांचे पडवीन बसाची. मांडवान नाय यवाचा, पन आयकाला कोन नको बोलतं? तू सगले धवले म्हनाचीस. हा आला का तुजा आवाज कापाचा. हाच का कापतं, मी बोलली. मंग येक दिस मना आठवला, माजे हलदीला मी हा आयकलाच नाय." ती हे रागानं म्हणाली नाही. रागानं म्हणाली असती तर ठमाबाईला बरं वाटलं असतं. मग काशी पुढं वाकली. "मावशे, येक खरा सांगशील? तवा बांधाला मूल धारला असता, तर तो ऱ्हायला असता का?"

ठमाबाईनं हा प्रश्न स्वतःला इतक्यांदा विचारला होता की तो दुसऱ्याच्या तोंडून येईल असं तिला कधी वाटलंच नव्हतं. नाही म्हणणं किती सोपं होतं. उधाण होतं, खांड पडली, माणूस गेला. मातीच्या ढिगाऱ्याला बोलावणं काय आणि न बोलावणं काय? एवढं म्हटलं की ती सुटत होती, आणि काशीनं बहुतेक मानलंही असतं. पण मग आज जे बोलावलं ते? ते तरी मग काय होतं? भोंग्यातल्या बाईसारखंच तोंडातून निघून वाऱ्यावर गेलेलं काहीतरी, चाल तेवढी जुनी. मैना उद्या नवऱ्याच्या घरी जाणार, आषाढ तिकडंही येणार, उधाण तिकडंही चढणार, आणि तिच्या मागं काहीच उभं नसणार. बाहेर पोरी हसत होत्या, त्यांत मैनाचं हसणं वेगळं कळत होतं.

"ऱ्हायला असता," ती म्हणाली.

काशीनं डोळे मिटले. तिच्या छातीतून एवढा मोठा श्वास बाहेर पडला की चुलीतली राख हलली. "मंग आज त्याला बोलावला, बरा झायला," ती म्हणाली. "मंग माजी पोर ऱ्हाईल सुखी." आणि डोळे न उघडताच, "आता जा तू, मावशे. मना तुज्याकरं बगवत नाय."

ठमाबाई चौकटीला धरून उठली आणि मांडवात गेली. उद्या लग्न होतं, आणि लग्नाचे धवले अजून म्हणायचे होते.